न्यूकॅसलला नेलेला कोळसा

"नाही उघडणार! सांगितलं ना एकदा!" कथबर्ट आतून ओरडला.

नव्या वर्षाची सकाळ होती. बंद दारासमोर कथबर्टचा जावई एम्रिस गारठून उभा होता. मागे गाडीत त्याची बायको लिन रडकुंडीला आली होती. मार्चमध्ये आई गेली, तेव्हापासून बाबांनी कोणाला घरात घेतलं नव्हतं. आज केक घेऊन आलेले शेजारीही परत गेले होते.

वर्षाचा पहिला पाहुणा काळ्या केसांचा पुरुष हवा आणि त्याच्या हातात कोळसा हवा, म्हणजे वर्ष शुभ जातं, हा न्यूकॅसलकडचा रिवाज. एकेचाळीस वर्षं हे काम कथबर्टनेच केलं. ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या आधी मागच्या दाराने बाहेर जायचा, बारा वाजले की पुढचं दार वाजवायचा. बायको एडना आतून मुद्दाम विचारायची, "कोण आहे?" त्याचे केस पांढरे झाले तरी तिने पाहुणा बदलला नाही.

"पिशवीत काय आणलंस रे?" शेजारच्या डॉरिसबाईंनी विचारलं.

"कोळसा. वेल्सहून. माझ्या आईच्या कोठीतला."

डॉरिसबाई भिंतीला धरून हसल्या. "ऐकलं का हो? जावई न्यूकॅसलला कोळसा घेऊन आलाय! तोही खाणकामगाराला!"

न्यूकॅसल म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव, म्हणून फुकटच्या मेहनतीला सगळा देश 'न्यूकॅसलला कोळसा नेणं' म्हणतो. एम्रिसचे कान लाल झाले. तो गाडीकडे वळला.

कडी वाजली. दार वीतभर उघडलं.

"दाखव."

म्हाताऱ्याने खडा हातात घेतला, फिरवला, हुंगला. "वेल्सचाच," तो नाक मुरडून म्हणाला. "चालेल."

"म्हणजे? तुमच्याकडे कोळसा नाही?"

"खाणी कधीच बंद झाल्या, जावईबापू. अख्ख्या गल्लीत गॅस आहे. आमच्याकडे एकच खडा उरला होता. दर वर्षी तोच बाहेर न्यायचा, तोच आत आणायचा."

"मग तो कुठंय?"

"एडनाकडे. शवपेटीत तिच्या मुठीत दिला." त्याने एम्रिसचे काळेभोर केस नीट पाहून घेतले. "तिथं तिचं दार कोण वाजवणार?"

म्हाताऱ्याने खडा त्याच्या हातात परत कोंबला आणि धाडकन दार लावून घेतलं.

लिन गाडीतून धावत आली. "आता काय झालं?"

एम्रिसने घाबरत घाबरत दार वाजवलं.

आतून खणखणीत आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "कोण आहे?"