लालपेन काकांचा अंगठा

'शिवली नाही, शिवला. वाकडी नाही, वाकडा. आणि खिडकी खूश होत नसते.'

एवढं टाइप करून झालं होतं. फक्त पाठवायचं बाकी होतं, आणि काकांचा अंगठा बटणावर येऊन अडला होता.

वर सुनेचा मेसेज होता. 'आई बाबा आज मी पडदा शिवली. पहिली वेळ आहे. थोडी वाकडी आली पण खिडकी खूप खूश आहे.' खाली फोटो. तो काकांनी अजून उघडला नव्हता. फोटोत तपासण्यासारखं काही नसतं.

सून परभाषेतली. लग्नाआधी तिला मराठीचा गंध नव्हता, आणि तिची भाषा काका-काकूंना येत नव्हती. नवराबायकोचं आपसात झकास चालायचं, पण सासूसासऱ्यांशी बोलायचं कसं? म्हणून बिचारी मराठी शिकायला बसली, आणि शिकेल तसं घरच्या ग्रुपवर लिहू लागली. त्या ग्रुपवर लालपेन काका आहेत, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

हे नाव पुतण्यांनी ठेवलेलं. काकांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. मजकूर वाचायचा नाही, अक्षरं बघायची, हा त्या कामाचा पहिला धडा. वाचत बसलं की चूक निसटते. एकदा एका गृहस्थांच्या निधनाची बातमी त्यांनी काना-मात्रेसकट बिनचूक तपासून दिली, आणि ते गृहस्थ आपल्याच जिन्यावरचे, हे त्यांना संध्याकाळी घरी आल्यावर काकूंकडून कळलं.

निवृत्तीनंतर पेन सुटलं, खोड सुटली नाही. ग्रुपवर कुणी काही लिहायचा अवकाश, खाली काकांची दुरुस्ती हजर. एकेक नातेवाईक शहाणा होत गेला. हल्ली सगळे उगवत्या सूर्याची चित्रं पाठवायचे. सूर्यात ऱ्हस्व-दीर्घ काढता येत नाही.

मागे सुनेनं 'माझी साहेब आज रागावली' असं लिहिलं, तेही काकांनी तिथल्या तिथे सरळ करून दिलं. 'धन्यवाद बाबा' असं उत्तर आलं. त्यानंतर तिच्याकडून अवाक्षर नाही.

आणि आज सकाळी मुलाचा फोन.

"बाबा, ती आज पुन्हा लिहिणार आहे. एक ओळ जुळवता जुळवता तिचा जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही ती ओळ चहा गार व्हायच्या आत चिरता."

"अरे, पण तिच्या भल्यासाठीच ना?"

"भलं झालं तेवढं पुरे. हे शेवटचं, असं म्हणतेय ती. आज पण तेच झालं, तर यापुढे तुमच्याशी मी बोलत जाईन आणि ती मागे उभी राहून हसत जाईल. जन्मभर. चालेल?"

"बघतो," काका म्हणाले होते. आणि बघता बघता दुरुस्ती टाइप करून मोकळे झाले होते.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला काकू मटार सोलत होत्या.

"अहो, पाहिलात का पडदा? कसा झालाय?"

"तीन चुका आहेत."

"पडदा विचारतेय मी."

काकांनी फोटो उघडला. निळं कापड, पांढरे ठिपके. एक कड चांगली वीतभर वर गेलेली, आणि त्या फटीतून ऊन खोलीत सांडलेलं. ऊन पडलं होतं तिथेच, फरशीवर, सुनेची सावली फोटो काढत उभी होती. हात उंच धरलेली, टाचा उचललेली सावली. काका तिच्याकडे बघत राहिले. मग मेसेजवर परत गेले, आणि छापखान्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मजकूर वाचला.

खिडकी खरंच खूश दिसत होती.

त्यांनी आपली ओळ मागून पुढे खोडत नेली. खोडून झाली खरी, पण आता लिहायचं काय? चूक दाखवण्याव्यतिरिक्त माणसाला काय लिहितात, हे त्यांना काही केल्या सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'कापड कुठलं गं?'

उत्तर दारामागे उभं असावं तसं आलं. 'बाबा!! जुना चादर आहे. सुई मला खूप चावला. मी रडली नाही. थोडीच रडली.'

काका एकटेच खुदकन हसले. अंगठा मात्र शिवशिवत होता, म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

तेवढ्यात मेहुणे उगवले, सूर्याशिवाय. 'सुनबाई झकास. आमच्या कडे पन दोन पाठव.' तो 'पन' काकांच्या डोळ्यात कुसळासारखा गेला. त्यांनी डोळे चोळले. मग वहिनी आल्या, मग पुतण्या, मग पुतण्याची बायको. कुणी पडद्यावर, कुणी सुईवर, कुणी स्वतःच्या फसलेल्या उशीच्या अभ्र्यावर. अशुद्ध लेखनाचा नुसता पूर लोटला. कुणीतरी भीतभीत विचारलंसुद्धा, 'काका ठिक आहेत ना.' काकांनी हसरा चेहरा पाठवला. आयुष्यातला पहिला. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं की मांडीखालचा अंगठा गप्प झालाय, आणि आपल्याला मजा येतेय.

मटार सोलल्याचा आवाज थांबला होता. काकांनी मान वर केली. काकू पाठ वळवून, मोबाइल नाकाशी धरून, एका बोटाने काहीतरी करत होत्या. या ग्रुपवर त्यांचा एक शब्द कधी आला नव्हता. फुलं यायची, जोडलेले हात यायचे. हिला लिहायची आवडच नाही, असं काका सगळ्यांना सांगत आले होते.

काकांच्या हातातला फोन थरथरला.

'सुनबाइ तु लिहीत रहा. मी पन लिहीनार आता. आज हे काही बोलले नाहीत.'