कॉलरमागची खूण

ब्रश फिरवता फिरवता आजीने सवयीने कोटाची कॉलर उलटली आणि तिचा हात थांबला. आत लाल दोऱ्याचे तीन टाके होते. दोन उभे, वर एक आडवा. दार.

कोट शहराच्या पहिल्या नगराध्यक्षांचा, पुलाच्या उद्घाटनाला त्यांनी घातलेला, असं पाटीवर ठळक लिहिलं होतं. एरवी तो काचेच्या कपाटात असायचा. आज संग्रहालयात लहानथोर सगळ्यांसाठी कार्यक्रम होता, म्हणून बाहेर काढलेला. जुन्या लाँड्रीत कुणाचा कपडा कुणाचा हे कळायला घरटी एक खूण असायची. तशी आपापली खूण रुमालावर कशी शिवायची, ते आजी शिकवणार होती. तिचा जन्म लाँड्रीतच गेला. अक्षरं तिला साठीनंतर आली. खुणा दुधाचे दात पडायच्या आधीपासून येत होत्या.

"बाई, जरा इकडे या."

संग्रहालयाच्या बाई वयाने तिच्या नातीएवढ्या. हातातल्या खुर्च्या ठेवून त्या आल्या.

"हा कोट नगराध्यक्षांचा नाही," आजी म्हणाली. "त्यांच्या घराची खूण फुली. दार आमच्या घराचं. हा माझ्या बापाचा लग्नातला कोट आहे."

बाई हसल्या. आजी हसत नाही हे पाहून थांबल्या.

"त्यांचा कोट माझ्याच हातून जळला. अकरा वर्षांची होते. पाठीवर इस्त्रीचा हा एवढा डाग. तासाभरात उद्घाटन. बापाने खुंटीवरचा आपला काढून दिला. नगराध्यक्ष म्हणाले, संध्याकाळी परत पाठवतो."

"मग?"

"ती संध्याकाळ अजून व्हायचीय. बाप दोन मुलींच्या लग्नांत नुसत्या शर्टावर उभा राहिला. मागायला गेला नाही. मोठ्या माणसाला आठवण कशी करून द्यायची, म्हणायचा."

बाईंनी कॉलर स्वतः उलटून पाहिली. "तुम्हाला कोट घरी न्यायचाय का?"

"नेऊन कुठे ठेवू? इथेच राहू दे. पाटीवर नाव बापाचं लावा."

"आजी, आज नको. पाचला संग्रहालयाचे अध्यक्ष येतायत. नगराध्यक्षांचे सख्खे नातू. छप्पर तेच दुरुस्त करून देणार आहेत." बाईंनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. वरून तिच्यात थेंब पडत होते. "नंतर बघू ना. हवं तर खाली बारीक अक्षरांत लिहू."

"बारीक अक्षरं मला वाचता येत नाहीत."

"तुम्ही फक्त शिवायला शिकवा. कोटाबद्दल एक शब्द काढू नका. नाहीतर मला कार्यक्रम बंद करावा लागेल. खरंच सांगते."

आजीने आपली पिशवी टेबलावर ठेवली आणि दोऱ्याची रिळं बाहेर काढली. "बरं. तोंडाला कुलूप."

दोन वाजता माणसं आली. चाळीस रुमाल वाटले, चार कमी पडले. पहिल्या बाकावर एक निवृत्त पोस्टमन आणि त्याची सहा वर्षांची नात. पोस्टमनला सुईत दोरा ओवता येईना, नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही नुसते धरा."

"आधी खूण शोधायला शिका," आजी म्हणाली. "मग शिवायला. एकेकाने या आणि त्या कोटाची कॉलर उलटा. हळू. म्हातारा झालाय तो."

रांग लागली. पोस्टमनने चष्मा वर करून पाहिलं.

"दार आहे. पत्ता कुणाचा?"

"मला बोलायची मनाई आहे."

"मनाई? उभ्या जन्मात पत्ता विचारला की लोक धावत सांगायचे." तो पाटी वाचू लागला. तिच्यावरून त्याची नजर टेबलावरच्या पिशवीवर गेली. पिशवीच्या बंदाखाली लाल दोऱ्याचं तेच दार होतं. त्याने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा आजीकडे. आजी दोरा दातांनी तोडत होती.

तो बाकावर जाऊन बसला. नातीच्या कानात काहीतरी बोलला, मग मागच्या बाकाकडे वळला. बाकांवरून कुजबुज शेवटच्या भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. सुया चालल्या होत्या.

बाई फेरी मारायला आल्या. त्यांनी एक रुमाल पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

"सगळ्यांनी एकच खूण? आपापली शिवायची होती ना?"

"ज्याने त्याने आपल्या मनाने शिवली," आजी म्हणाली. "मी अवाक्षर काढलं नाही."

पाचला अध्यक्ष आले. गोरा, हसरा, घाईतला माणूस. रुमाल सुतळीवर ओळीने वाळत घातल्यासारखे लावले होते. ते पाहत पाहत चालले आणि अर्ध्या ओळीत त्यांची चाल मंदावली.

"छान आहे. पण ही सगळी दारंच कशी? कुणाचं घर हे?"

पोस्टमनची नात उठली. तिने अध्यक्षांचं बोट धरून त्यांना कोटापाशी नेलं. "खाली वाका," ती म्हणाली, आणि तिने कॉलर उलटली.

अध्यक्ष वाकून पाहत राहिले. सरळ झाले तेव्हा हसणं मावळलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

आजीनेही बाईंकडेच पाहिलं. "बाई, आता बोलू?"

बादलीत एक थेंब पडला. बाईंनी वर छपराकडे पाहिलं. मग चाळीस रुमालांकडे.

"बोला," त्या म्हणाल्या.

आजी पुढे झाली. तिने कोटाची कॉलर नीट बसवली, खांद्यावरून एकदा हात फिरवला.

"साहेब," ती म्हणाली, "संध्याकाळ झाली."