सणाची घंटा

मनोऱ्याला भेगा अकरा होत्या. सात नुसत्या गिलाव्यातल्या. तीन इतक्या जुन्या, की त्यांच्या आत चुन्याच्या रंगाचे थर जाऊन बसले होते. अकरावी पूर्वेच्या भिंतीत, दारावरून निघून थेट घंटेच्या तुळईपर्यंत गेलेली. तिच्याबद्दल क्षितिजा अजून काही बोलली नव्हती. तिने त्या भेगेवर काचेच्या तीन पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. भेग हलली तर काच तडकणार.

"आज तरी सांगा, मॅडम," चॅपल कमिटीचा ज्युड म्हणाला. "आधीचे तिघे इंजिनिअर गाडीतून उतरले, मान वर केली, पाडा म्हणाले. जुन्या इमारतींचं शिकलेलं माणूस पाहिजे म्हणून वर्षभर शोधून तुम्हाला आणलं. रविवारी सभा आहे. तोवर उत्तर नसेल तर मनोरा जाणार."

"घंटा कशी वाजवता?" क्षितिजाने बॅप्टिस्टला विचारलं.

भुईगावच्या त्या वाडीत मिसरूड फुटल्यापासून घंटा बॅप्टिस्टच वाजवत आला होता. दोन वर्षांपूर्वी मनोरा धोक्याचा ठरला आणि दोरी वर बांधून ठेवली, ती तशीच होती.

"मयताला नुसता लोलक ओढतो. एकेक टोला, सावकाश. सणाला अख्खी घंटा झुलवतो."

"मग सणाची वाजवा. झुलती घंटा भिंतीला ढकलते. भेग हलणारी असेल तर तेव्हाच हलेल."

"आज कसला सण?" ज्युड हसला. "कोणाचं लग्न म्हणून अख्खी वाडी धावत येईल."

बॅप्टिस्ट दोरी सोडवायला लागला. "आमची उर्सुला म्हणते, घंटेशिवाय मी जायची नाही," तो क्षितिजाला म्हणाला. "बायको माझी. ईस्टरपासून अंथरुणावर आहे."

"मग बंदच ठेव ना घंटा," ज्युड म्हणाला. "शंभरी गाठेल बाई."

"तिच्या तोंडावर बोल हे. उठून मारेल तुला."

क्षितिजा तोवर शिडी चढून वर पोचली होती. तिने भेगेला कॅलिपर लावलं. "तीन पूर्णांक चार मिलिमीटर," ती वरून म्हणाली.

"आता खाली या, मॅडम. घंटा वाजताना वर कशाला?"

"काच कितव्या झोक्याला तडकली, ते खालून कसं दिसेल? अंकल, मी हात वर केला की थांबायचं."

"दोरी लांब करून देतो, बॅप्टिस्ट. तू तरी बाहेरून ओढ."

"बाहेरून झुलत नाही ती. खालीच उभं राहावं लागतं."

ज्युड अंगणात जाऊन उभा राहिला.

पहिल्या ओढीला घंटा नुसती करकरली. तिसऱ्या ओढीला बोलली. कबुतरं फडफडत बाहेर पडली. तुळईवरची धूळ क्षितिजाच्या केसांत, पापण्यांवर उतरली. तिने डोळे मिटले नाहीत. एक तळवा भिंतीवर टेकवून ती पट्ट्यांकडे बघत राहिली. वरच्या, मधल्या, खालच्या, पुन्हा वरच्या. शिडी थरथरत होती. मग मध्येच थरथरायची थांबली. तिने खाली पाहिलं नाही. हात वर केला नाही.

घंटा हळूहळू थांबली. तिने खाली पाहिलं तेव्हा ज्युड शिडी दोन्ही हातांनी धरून उभा होता, डोळे घट्ट मिटून.

"पप्पा!" मागच्या घराच्या खिडकीतून बॅप्टिस्टची सून सँड्रा ओरडली. "ममा विचारते, आज सण कुठला?"

"थांब म्हणावं तिला," बॅप्टिस्टने आतूनच आवाज दिला. दोरी त्याच्या हातातच होती. "मॅडम मोजतायत."

क्षितिजाने एकेका पट्टीवर बॅटरी धरली. मग कॅलिपर लावलं, काढलं, बाहीला पुसलं, पुन्हा लावलं.

"काचा तीन. तिन्ही शाबूत," ती म्हणाली. "भेग तीन पूर्णांक चार."