कुंभारवाड्याची भिंत

कुंभारवाड्यातली कलावती टोपली घेऊन नदीकडे निघाली आणि गल्लीच्या टोकाला थबकली. नदीकाठच्या नव्या पूरभिंतीत नदीवर उतरायला कालपर्यंत फट उरली होती, तीही आज काँक्रीटनं बुजवली होती. पेठेतल्या जुन्या घरांची कौलं याच काठच्या मातीची. तिच्या सासऱ्यांनी ती माती इथूनच डोक्यावर वाहिली होती.

"एक दार ठेवा म्हणून किती विनवलं तुम्हाला!" ती भिंतीचं काम बघणाऱ्या मुकादमावर चिडली. "आता माती आणायची कुठून?"

"पुलावरून फिरून जा ना, मावशी. पूर आला तर ही भिंतच वाचवेल. आणि तुमचा मान ठेवलाय की!" त्यानं बोट दाखवलं. जरा पुढे एक मुलगी भिंतीवर चाकापाशी बसलेला कुंभार रंगवत होती.

चित्रातला कुंभार हसत होता. कलावतीचे डोळे संतापानं भरून आले.

"पोरी, छान काढलायस," ती म्हणाली. "आता त्याच्या शेजारी एक दारही काढ. निदान त्याला तरी नदीवर जाता येईल."

मुलीचा ब्रश थांबला. मुकादम समजूत घालायला पुढे झाला, पण कलावती पुलाच्या लांबच्या वाटेला लागली होती.