ओवलेली सुई

चामराजपेटेतल्या व्यंकटेश शिंप्यांचे हात थरथरायला लागले, तसं सुई ओवून द्यायचं काम बायकोकडे, सुनंदाबाईंकडे, आलं. डॉक्टरांनी थरथरीवर बीटा ब्लॉकरची गोळी दिली. हात स्थिरावले, पण जुना दमा उसळला. "हीच गोळी श्वासनळ्या आवळते. मग दम्याचा पंपही लागू पडत नाही. पुन्हा घेतलीत तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं. गोळी थांबली, थरथर परतली. दुसऱ्या औषधांनी गुण येईना. आज सुनंदाबाई कॉफी घेऊन दुकानात आल्या, तर व्यंकटेश ब्लाउजला हूक लावत होते. सुई त्यांनीच ओवली होती. सुनंदाबाईंनी कॉफी खाली ठेवली. "गोळी घेतलीत?" "स्वल्पच." व्यंकटेशांच्या छातीतून शीळ वाजली. सुनंदाबाईंनी पटकन पंप उचलला. "हात गेल्यावर नुसता श्वास घेऊन करू काय?" तेवढ्यात शेजारीण ब्लाउज न्यायला आली. "अक्का, अण्णांचा हात पहिल्यासारखा झाला की." सुनंदाबाईंनी उचललेला पंप पदराआड लपवला आणि मान डोलावली.