रुमालातली कलेजी

कलेजीचा तुकडा आ-नोयच्या वाडग्यातून नाहीसा झाला, पण तो तिच्या तोंडात काही गेला नाही. समोर बसलेल्या बेंग-चूनं हे नीट पाहिलं. आ-नोयचा डावा हात टेबलाखाली गेला, मांडीवर जरासा घुटमळला आणि रिकामा वर आला.

बेंग-चू शरमेनं अर्धी झाली. टोंगच्या खाणावळीत टेबलं मोजकीच, एकमेकांना खेटून. पाठीमागं तिच्याच इमारतीतले मास्तर सुनेला घेऊन जेवत होते. त्यांनी पाहिलं असलं तर?

बेंग-चू, आ-नोय आणि आ-खिम, तिघींची मैत्री स्वाटौ शहरातल्या भरतकामाच्या कारखान्यातली. एकाच खिडकीखाली बसून त्यांनी टेबलक्लॉथवर फुलं काढली होती. कारखाना बंद पडला, डोळ्यांवर चष्मे चढले, पण टोंगकडचं दुपारचं जेवण काही सुटलं नाही. रश्श्यात मुरलेला हंस, कालवांचा पोळा, खारवलेला मुळा आणि भाताची पातळ पेज.

"नातवाला दात आला माझ्या," आ-खिम सांगत होती. "पहिला चावा कुणाला, तर मला!"

"आजीलाच आधी चाखून बघितलं म्हणायचं," आ-नोय हसली.

"हस, हस. आ-चू, तूच सांग हिला. तू दोन लेकरांची आई—"

"एकाची," बेंग-चू पेजेवर फुंकर घालत म्हणाली. "मुलगा माझा शेनचेनला असतो. सणाला येईल."

आ-खिमनं मान खाली घातली आणि मुळ्याचा तुकडा उचलला. आ-नोयनं चहाच्या पेल्यांकडे हात नेला. पलीकडे टोंगचा सुरा खटखटत होता.

मग आ-खिमनं हंसाच्या मांडीचा चांगला तुकडा आ-नोयच्या वाडग्यात वाढला. तोही गेला. टेबलाखाली.

या वेळी मास्तरांच्या सुनेनं वळून पाहिलं.

बेंग-चूच्या डोक्यात तिडीक गेली. लोक म्हणतील, हिच्या मैत्रिणी अशा! ती मोठ्यानं म्हणाली, "टोंगदादा, एक डबा द्या हो इकडे. आमची आ-नोय रुमालात भरून नेतेय. रस्सा गळायचा सगळीकडे!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. टोंगचा सुरा थांबला.

आ-नोयचे कान लालबुंद झाले. "मांजरीला नेते गं," ती पुटपुटली.

"मांजरीला कलेजी? थाट आहे बाई! मालकीण पेजेवर आणि मांजर हंसावर!"

"पुरे, आ-चू," आ-खिम म्हणाली.

"काय पुरे? घरी खायला नसेल तर सांगावं माणसानं. आपण काय परक्या आहोत?"

आ-नोयनं मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली. कलेजी, मांडीचा तुकडा, पोळ्याची कुरकुरीत कड. रश्श्यानं रुमाल तपकिरी झाला होता.

"माझ्या वाटणीचं आहे," ती हळूच म्हणाली. "तुमच्यातलं काही घेतलं नाही."

बेंग-चूनं तिच्या वाडग्यात पाहिलं. पेज आणि मुळा. एवढ्या वेळात आ-नोयनं दुसरं काही खाल्लंच नव्हतं.

आ-नोयनं रुमाल पुन्हा बांधला, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. तिचा चहा तसाच राहिला.

मास्तर आता बेंग-चूकडे बघत होते. ती नजर तिला झेपेना. मघाशी मैत्रिणीची लाज वाटत होती; आता स्वतःची वाटू लागली.

"ती मांजर तरी कुठली गं?" तिनं कसंबसं विचारलं. "तिच्याकडे मांजर होती कधी?"

"मला कशाला विचारतेस?" आ-खिम म्हणाली. "जा तिच्यामागे. माफी माग. आणि रस्त्यात गाठू नकोस, ती जाईल तिथवर जा."

टोंगनं हंसाची पुडी बांधून तिच्यापुढे सरकवली.

बाहेर ऊन रखरखत होतं. आ-नोय भराभर चालली होती, रुमाल पोटाशी धरून. बेंग-चू मागून येत होती आणि मनाशी शब्द जुळवत होती. चुकलं माझं. जीभ घसरली. तुझं घर कसं चाललंय हे मी कधी विचारलंच नाही. प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं. तीस वर्षांची मैत्रीण, आणि चार लोकांसमोर तिला उघडं पाडलं. कशासाठी? एका मास्तराला आपण बऱ्या घरच्या दिसाव्यात म्हणून.

आ-नोयचं घर डावीकडच्या गल्लीत होतं. ती उजवीकडे वळली.

बेंग-चू चकित झाली, पण मागं मागं गेली. जुनी इमारत, अंधारा जिना. आ-नोय वरच्या मजल्यावर पोचली. बेंग-चू जिन्याच्या वळणावर थबकली. कुणाच्या घरात शिरून माफी कशी मागायची? पुडी घट्ट धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

वर आ-नोयनं दार वाजवलं. चपलांचा संथ, जड आवाज आला. दार उघडलं. उजेडात एक पोटुशी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं रुमाल नाकाशी नेला, डोळे मिटले आणि हसली. मग बेंग-चूच्या ओळखीच्या आवाजात तिनं हळूच विचारलं,

"मावशी, आज तरी आईनं माझं नाव काढलं का?"