राखेनं घासलेला हात
नवरा गेल्यापासून दोन वर्षं वत्सलानं मासळी तोंडात घातली नव्हती; त्या घरात विधवेला ती वर्ज्यच. आज मात्र टोपाला लागलेलं बांगड्याचं तिखलं तिनं बोटानं चाटलं आणि राखेनं हात तीनदा घासले. दुपारी सासूसमोर कुळीथ निवडायला बसली. सासूला विधवा होऊन वीस वर्षं झालेली. मलेरिया खात्यातला दीर जेवून उठताना म्हणाला, "माशी सोंडेवरच्या मिशांनी वास घेता. हात कितीय धुवा, तिका कळताच." तो आत गेला आणि एक माशी वत्सलाच्या बोटावर उतरून सोंड टेकवू लागली. हाकलली तर चोरी उघड, बसू दिली तरी उघड. सासू टक लावून बघत होती. माशी उडाली, सुपावर घुटमळली आणि सासूच्याच बोटावर बसली. सासूनं हात हलवला नाही. "राखेन वास जाणा नाय गो," ती हळूच म्हणाली.